काय केलं तेवढंच लिहा

७ फेब्रुवारी, संध्याकाळी ५.३०
चिरंजीवांना संस्थेत सोडून आलो. शहराबाहेर, गाडीने दोन तास दहा मिनिटं. (मला. दुसऱ्या कुणाला तीन लागतील.) वय सोळा. माझी शिकवणीची गाडी न विचारता नेली आणि बेकरीच्या शटरवर घातली, हे शेवटचं. त्याआधीचं लिहीत बसलो तर ही डायरी पुरायची नाही. शाळेने हात टेकले. दोन क्लासवाल्यांनी हात टेकले. मी टेकले नाहीत, मार्ग काढला. पहाटेची प्रार्थना, मळ्यात काम, फोन नाही, घरी पत्र आठवड्यातून एक. नऊ महिन्यांत माणूस करून देतात.

पहिल्या वेळचे नऊ महिने हिने काढले होते. आता हिला जाऊन दोन वर्षं झाली, त्यामुळे ही जबाबदारी माझ्यावर.

वाटलं होतं निघताना रडेल. नाही रडला. म्हणाला, बाबा, तुमच्या बाजूच्या आरशावर धूळ बसलीय. पुसली. त्या रस्त्याला भलतीच धूळ आहे, परत येताना दोनदा डोळ्यांत गेली.

डायरी टायरवाल्याने फुकट दिली. संकल्प: रोज लिहिणे.

१६ फेब्रुवारी
कामाचा लोड.

मी गाडी शिकवतो. एकवीस वर्षं, अकराशेच्या वर माणसं हाताखालून गेली. आमच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या बाजूलाही क्लच आणि ब्रेक असतो. विद्यार्थी घाबरला तरी गाडी माझ्या पायाखाली. आजवर एकही अपघात नाही. (बेकरी सोडून. तेव्हा मी गाडीत नव्हतो.)

संस्थेचा एक नियम आवडला. मुलगा तिथे जे करतो ते पालकाने घरी करायचं. त्यासाठी कार्ड दिलंय, रोजचे पाच चौकोन: पहाटे पाचला उठलो. प्रार्थना केली. रागावलो नाही. खोटं बोललो नाही. कुणाचं एक काम केलं. महिनाअखेर कार्ड पाठवायचं.

फेब्रुवारीच्या सगळ्या खुणा आत्ताच करून टाकल्या, रोजचा वेळ वाचतो.

२४ फेब्रुवारी, सकाळी ८
पाचचा गजर लावला होता. वाजला. म्हणजे पाचला उठलो असं धरायला हरकत नाही, पुन्हा झोपलो तो भाग वेगळा. प्रार्थना चौकातल्या सिग्नलला केली. सिग्नल मोठा आहे.

टेलरबाईंची टेस्ट झाली, सहाव्यांदा नापास. बाई शिवणकामात एक नंबर, मशीनचं पॅडल झोपेत चालवतील. गाडीचं पॅडल दिसलं की लटपटतात. मी अजिबात रागावलो नाही. फक्त गाडीबाहेर येऊन दार जोरात लावलं.

१ मार्च, रविवार
भेटीचा पहिला दिवस. महिन्याचा पहिला रविवार, दोन तास.

मेव्हणी आधीच येऊन बसलेली. हिची धाकटी बहीण, औषधांच्या दुकानात काम करते, दोन बस बदलून आली होती. मी म्हटलं, सांगितलं असतंस तर गाडीतून आणलं असतं. ती म्हणाली, भावोजी, तुम्ही विचारलं असतंत तर सांगितलं असतं. हिच्या माहेरचं बोलणं असंच.

चिरंजीव वाळलेत. केस बारीक, तळहाताला घट्टे. मला वाकून नमस्कार केला! मावशीला मिठी मारली. म्हणजे मला आदर आणि तिला नुसती माया. प्रोग्रॅम लागू पडतोय.

संस्थेच्या प्रमुखांना सगळे दादा म्हणतात. भारदस्त माणूस, बोलणं मऊ. मला बाजूला घेऊन म्हणाले की मुलगा प्रार्थनेला बसतो, पण डोळे मिटत नाही. दाराकडे बघत असतो. विचारलं तर म्हणाला, कुणी बोलवायला आलं तर कळायला हवं.

मी म्हटलं, लहानपणापासून लक्ष उडतं त्याचं.

१४ मार्च
संकल्प: तो येईपर्यंत त्याची खोली रंगवणे. निळा रंग आणला. स्वतः रंगवणार. नोव्हेंबरात दार उघडेल आणि बघतच राहील.

१५ मार्च, दुपार
एक भिंत झाली. चौकटीजवळ आलो तर तिथे हिच्या अक्षरात त्याच्या उंचीच्या खुणा. प्रत्येक वाढदिवसाची एक रेघ, पुढे आकडा आणि नाव. नाव म्हणजे भोपू. तीन वर्षांचा असताना हिच्या मांडीवर बसून गाडीचा हॉर्न सोडायचाच नाही, म्हणून ही त्याला भोपू म्हणायची. शेवटची रेघ चौदाची.

ब्रश खराब निघाला. काम थांबवलं.

५ एप्रिल, रविवार, संध्याकाळ
आजचा दिवस सविस्तर लिहायलाच हवा.

संस्थेत कबुलीपत्र म्हणून एक प्रकार आहे. मुलाने एका पानावर आपण काय काय केलं ते लिहायचं आणि प्रार्थनेच्या हॉलमध्ये सगळ्यांसमोर वाचायचं. नियम एकच, काय केलं तेवढंच लिहायचं. का केलं ते लिहायचं नाही. देवाला कारणं आधीच ठाऊक असतात, असं दादांचं म्हणणं.

चिरंजीव उभे राहिले. आवाज फुटलाय आता त्याचा. मी गाडी चोरून नेली. मी प्रयोगशाळेच्या काचा फोडल्या. मी एका मुलाचा दात पाडला. मी आईची साडी जाळली. (हे मला माहीत नव्हतं. मी समजत होतो मेव्हणीने नेली.) मी बाबांना म्हणालो की आईऐवजी तुम्ही का नाही गेलात.

बावीस वाक्यं, एकातही कारण नाही. मी ताठ बसून होतो. मेव्हणी हुंदके देत होती, तिला रुमाल दिला. (कार्ड: कुणाचं एक काम केलं.)

मग दादा म्हणाले की आता पालकाचं. पालकानेही एक पान द्यायचं, तेच नियम. दादांनी ते पास केलं की निरोपाच्या दिवशी वडील ते मुलासमोर वाचतात, मुलगा पुढे येऊन हात धरतो आणि दोघं घरी जातात. पत्र नाही तर घर नाही. मुलगा दुसऱ्या नातेवाइकाकडे जातो, किंवा तिथेच राहतो.

मी म्हटलं, एक पान ना? पुढच्या रविवारपर्यंत घ्या.

निघताना त्याला विचारलं की मी काय लिहावं असं तुला वाटतं. म्हणाला, तुम्हाला माहितीये. मी म्हटलं, मला काय माहिती? तो खिडकीबाहेर बघायला लागला.

मला खरंच माहीत नाही.

१९ एप्रिल
पत्र पाठवलं. चार पानं. एका पानात मावणं शक्यच नव्हतं. शीर्षक: मुलाच्या वर्तनाची पार्श्वभूमी. मुद्देसूद झालंय. एकवीस वर्षं फॉर्म भरण्यात गेली ती काही उगाच नाही.

२९ एप्रिल
परत आलं. खाली दादांची एक ओळ: हे पत्र मुलाबद्दल आहे, आपल्याबद्दल पाठवावे.

माझ्याबद्दल काय लिहिणार? मी दारू पीत नाही. सिगारेट नाही, पत्ते नाहीत. पोराला उभ्या आयुष्यात बोट लावलेलं नाही. सकाळी सात ते संध्याकाळी सात गाडीत. असं लिहिलं तर फुशारकी वाटेल, म्हणून आधी लिहिलं नव्हतं.

३ मे, रविवार
भेट. सांगितलं की पत्र जवळजवळ झालंय. (कार्डावर चौथा चौकोन आज कोरा ठेवला. माझा प्रामाणिकपणा बघा.)

चिरंजीव आता भाज्यांच्या वाफ्याचे प्रमुख. मला वाफा दाखवला. मी म्हटलं ओळी वाकड्या आहेत. त्याने दोरी आणली, धरली, ओळी सरळ होत्या. मेव्हणी म्हणाली, भावोजी, छान आहे म्हणायचं होतं. मी म्हणणारच होतो!

१७ मे
दुसरा खर्डा. मी कामात जास्त वेळ दिला कारण घर चालवायचं होतं. मी कधी कधी ओरडलो कारण तो ऐकत नव्हता. एक पान. नेटकं.

२८ मे
परत. प्रत्येक 'कारण'भोवती लाल गोल. सात गोल. माझ्या विद्यार्थ्यांच्या टेस्टच्या कागदावर असतात तसे.

या माणसाला पोटच्या पोराबद्दल काय वाटतं ते काय कळणार? लग्न केलेलं नाही.

११ जून, दुपार २
तिसरं पाठवलं. माझा स्वभाव कडक आहे. मी हळवं बोलू शकत नाही. याहून कबुली ती काय असते? लिहून झाल्यावर दोन मिनिटं नुसता बसलो होतो.

टेलरबाई सातव्यांदा नापास. परीक्षक म्हणाला की चढावर यांच्या आधी तुमचाच पाय दाबला गेला. साफ खोटं. जरासाच टेकला होता.

२२ जून
तिसरं परत. खाली लिहिलंय: स्वभाव नको. एक दिवस सांगा. कोणता दिवस, आपण काय केलंत.

संध्याकाळी अंडी उकडायला ठेवली आणि विसरलो. भांडं काळं पडलं.

कोणता दिवस म्हणजे काय? दिवस पुष्कळ असतात.

५ जुलै, रविवार
गेलो नाही. गाडी सर्व्हिसिंगला होती. (ती उद्या द्यायची आहे. म्हणजे मनाने दिलेलीच होती.)

मेव्हणीचा फोन आला. तो दोन तास फाटकाजवळच उभा होता म्हणे. मी म्हटलं, तू होतीस ना. ती म्हणाली, भावोजी, मी कितीही झालं तरी मावशी. मग विचारलं, तो दिवस लिहायला इतकं जड जातंय का? मी म्हटलं, कसला दिवस? त्या दिवशी त्याचा गणिताचा पेपर होता. हे मी दोन वर्षांत सगळ्यांना सांगितलंय, तुलाही सांगितलंय.

तिने फोन ठेवला. नाकाच्या शेंड्यावर राग, हिच्यासारखाच.

खरं म्हणजे हिला राग कधी यायचा नाही. उगाच लिहिलं.

१९ जुलै
टेलरबाईंनी गाडी मधेच बाजूला घेतली. (सुंदर घेतली, नीट इंडिकेटर देऊन.) म्हणाल्या, सर, राग मानू नका, तुमचा पाय कायम ब्रेकवर असतो, त्यामुळे गाडी मी थांबवली की तुम्ही ते मला इतक्या महिन्यांत कळलेलं नाही. आता मी दुसरीकडे शिकते.

माझ्या शिकवण्याने घडलेला विद्यार्थी असा मधेच सोडून जातो तेव्हा वाईट वाटतं. पण मी मोठ्या मनाने शुभेच्छा दिल्या. पाऊण तास समजावून सांगितल्यानंतर.

२ ऑगस्ट, रविवार
भेट. तो आता माझ्याएवढा उंच. पाठीला पाठ लावून बघू म्हटलं तर नको म्हणाला.

जेवणाच्या हॉलमध्ये स्वयंपाकी भेटला. सांगत होता की तुमचा मुलगा रोज एक ताट जास्त मांडतो. विचारलं तर म्हणतो, कुणी उशिरा आलं तर. स्वयंपाक्याला ते आवडतं, म्हणे देवासाठी असेल. मीही हो म्हटलं.

निघताना माझ्या तोंडून निघून गेलं, येतो रे भोपू. पोरगा एकदम पांढराफटक. मला म्हणाला, बाबा, तो आईचा शब्द आहे. तुम्ही आधी पत्र लिहा.

परतीला दोन तास पन्नास मिनिटं लागली. ट्रॅफिक.

२३ ऑगस्ट
टेलरबाई पास झाल्या. नव्या ठिकाणी पहिल्या फटक्यात. चॉकलेट घेऊन आल्या, शिवाय मुलाच्या खोलीसाठी निळा पडदा शिवून आणला. मागे कधीतरी मी भिंतीचा रंग सांगितला होता, तेवढ्यावरून. पडदा बसवला. अगदी जुळतो. एका भिंतीला.

बाई आठव्या वेळी सुटल्या. माझे तीन खर्डे झालेत फक्त.

१० सप्टेंबर
चौथा, पाचवा आणि सहावा खर्डा. पाठवले नाहीत. सहाव्यात 'त्या दिवशी सकाळी दहाला' इथपर्यंत आलो होतो. मग पेनातली शाई संपली. घरात दुसरी सात पेनं आहेत, पण एकदा लय तुटली की तुटली.

२५ सप्टेंबर, सकाळ
तोडगा सापडला! इतका सोपा की आधी कसा सुचला नाही.

परिवहन कचेरीबाहेर एक टायपिस्ट बसतो. अर्ज, प्रतिज्ञापत्रं, सगळं लिहून देतो. माझ्या सगळ्या विद्यार्थ्यांचे फॉर्म तोच करतो, मी आधीच खाली कोऱ्यावर सह्या करून ठेवतो. एकवीस वर्षांत एक अर्ज परत आलेला नाही.

त्याला म्हटलं, मुलगा अमुक संस्थेत आहे, वडिलांचं पत्र हवंय. पुढे काही सांगावंच लागलं नाही. तो म्हणाला, कबुलीचं ना? काय केलं तेवढंच, का ते नको? महिन्याला तीन-चार करतो, साहेब. पास होतात. कोऱ्या कागदाच्या तळाशी सही करून दिली. पोस्टातही तोच टाकणार.

शेवटी हा एक फॉर्मच आहे. फॉर्म ज्याला भरता येतो त्याने भरावा.

६ ऑक्टोबर, दुपार १२.१५
दादांचा फोन!! पत्र पास. म्हणाले, वाचताना डोळे भरून आले, इतकं धाडस फार थोडे वडील करतात, तुमच्याबद्दल असं कधी वाटलंही नव्हतं. मी म्हटलं, मनापासून लिहिलंय. निरोप १ नोव्हेंबरला. पत्र तिथेच हातात देतील, सर्वांसमोर वाचायचं.

मेव्हणीला कळवलं. ती म्हणाली, तुम्ही खरंच लिहिलंत? मी हो म्हटलं. ती रडायला लागली. म्हणाली, भावोजी, मी तुम्हाला फार बोलले, मनावर घेऊ नका.

मी म्हटलं, चालायचंच.

३१ ऑक्टोबर
तयारी पूर्ण. गादी उन्हात टाकली. गाडी धुतली, आरसे पुसले. त्याला येताना चालवायला द्यायची, संस्थेच्या आतल्या रस्त्यावर, फाटकापर्यंत. माझा पाय ब्रेकपासून लांब ठेवणार. हा संकल्प नाही, निश्चय आहे.

उद्या या वेळी पोरगा घरात असेल. त्याच्या खोलीत दिवा असेल.

१ नोव्हेंबर, रविवार, संध्याकाळी ७
लिहायचं नव्हतं. लिहितो.

हॉल भरलेला. पहिल्या रांगेत तो, नवा शर्ट. मला बघून हसला. दोन वर्षांत पहिल्यांदा. हे आधी लिहून ठेवतो.

दादांनी कागद दिला. चष्मा गाडीत राहिला होता, पण टाइप ठळक होता. मी खणखणीत आवाजात सुरू केलं. प्रिय मुला, आज मी देवासमोर उभा आहे. उत्तम. पुढची ओळ: मी दारूच्या आहारी गेलो.

थांबलो. सगळे बघत होते. एक बाई रुमाल काढून तयार होती. इतक्या लोकांसमोर कागद खाली कसा ठेवायचा? मी पुढे वाचलं. मी नशेत तुझ्यावर हात उगारला. मी तुझ्या आईला पट्ट्याने मारलं.

हे मी माझ्या तोंडाने वाचलं. हिला.

शेवटपर्यंत वाचलं. हॉल रडत होता. दादांनी मला मिठी मारली. आता मुलाने उठायचं, माफ केलं म्हणायचं आणि येऊन हात धरायचा.

तो उठला. जागेवरूनच बोलला. म्हणाला, हे माझ्या बाबांनी केलेलं नाही. ते आयुष्यात कधी प्यायले नाहीत. त्यांनी मला कधी मारलं नाही. आईला तर कधीच नाही, तिच्या अंगावर ते साधे ओरडलेसुद्धा नाहीत. त्यांच्याबद्दल कुणी असं समजू नका.

मग म्हणाला, त्यांनी जे केलं ते यात नाही. आणि खाली बसला.

पुढचं सगळं फार शांतपणे झालं. दादांनी ऑफिसात नेलं, पाणी दिलं, एका शब्दाने बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. मावशीच्या नावाचा फॉर्म पुढे आला. तिने सही केली. माझीही सही लागत होती. केली. सह्या करायची सवय आहे.

फाटकाशी तो माझ्याजवळ आला. पिशवी खांद्यावर. मला म्हणाला, बाबा, चष्म्याशिवाय चालवू नका. मग ते दोघं बस थांब्याकडे गेले. गाडीतून सोडतो, असं म्हणायला माझं तोंडच उघडलं नाही. नेहमी ज्या बाजूला बसतो त्या बाजूला जाऊन बसलो, आणि गाडी कोण चालवणार हे बऱ्याच वेळाने लक्षात आलं.

घरात पडदा तेवढा छान दिसतो.

४ नोव्हेंबर, सकाळी ५
झोप लागत नाही, त्यामुळे पाचला उठलो. आठवी वेळ. हे पत्र आहे.

सोमवार होता. सकाळी दहाला दवाखान्यात डॉक्टर मला म्हणाले, मुलाला बोलावून घ्या, आज यांची संध्याकाळ होणार नाही. मी बोलावलं नाही. मी शाळेत फोन केला नाही. साडेदहाला तुझ्या आईने विचारलं, भोपू कुठे आहे? मी म्हटलं, निघालाय. मी जिना उतरलो आणि एका विद्यार्थ्याला गाडी शिकवायला गेलो. एक तास शिकवलं. बाराला परत आलो. तिने पुन्हा विचारलं. मी म्हटलं, वाटेत आहे. ती दाराकडे बघत राहिली. एकला तिसऱ्यांदा विचारलं. मी म्हटलं, हा काय, खाली आलाय, जिना चढतोय. ती दाराकडे बघत असतानाच गेली. संध्याकाळी मी तुला शाळेतून आणलं. गाडीत तू विचारलंस, आई कशी आहे? मी म्हटलं, झोपलीय.

एवढंच केलं.

खाली लिहिलं होतं की तुझा गणिताचा पेपर होता. खोडलं. पेपर दुसऱ्या दिवशी होता.

मला तिची भीती वाटत होती, ती जाणार याची. तू आलास म्हणजे ते खरं झालं असतं. हे पत्रात घालता येत नाही, ते कारण आहे. इथे लिहितो. मला माझा पोरगा हवा आहे.

पानभरसुद्धा झालं नाही. पाकिटात घातलं. आज पोस्टात टाकतो.

५ नोव्हेंबर
पोस्टापर्यंत गेलो. मेव्हणीच्या घराचा नंबर आठवेना. विचारायला फोन केला असता तर कशाला हवाय हे सांगावं लागलं असतं.

९ नोव्हेंबर
नंबर सापडला. हिच्या जुन्या वहीत होता. उद्या नक्की. किंवा स्वतःच नेऊन देतो, ते जास्त बरं दिसेल.

१५ नोव्हेंबर, रविवार
त्यांच्या गल्लीपर्यंत गेलो. दुसऱ्या मजल्यावर खिडकी उघडी होती, टेबलाशी कुणीतरी वाचत बसलं होतं. पार्किंगला जागा नव्हती. अकराशे माणसांना मी अरुंद जागेत गाडी लावायला शिकवलंय, तेव्हा मी नाही म्हणतो म्हणजे नव्हतीच.

२ डिसेंबर
नवीन विद्यार्थी. बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, चौकस. पहिल्याच दिवशी पुढचा कप्पा उघडून बघितला. पाकीट हातात घेऊन म्हणाले, सर, हे कुणाचं पत्र? तिकीटही लावलेलं आहे, टाकायचं राहिलं वाटतं.

मी म्हटलं, गाडीची कागदपत्रं आहेत, ठेवा. समोर बघा.